फिरंगेची मूठ

धागा मोठा आहे आणि बहुतांशी तो तलवारीच्या मुठीविषयी आहे. पात्यावरून आपण पुष्कळ भांडून झालो आहोत.

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, पहिले रघुजीराजे (१६९५–१७५५) यांच्या नावाची तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत दाखल झाली. सरळ, एकधारी पाते. मुल्हेरी घाटाची मूठ. मुठीवर सोन्याची कोफ्तगारी. पाते युरोपीय बनावटीचे आहे, हे वाक्य बातमीत आले आणि समाजमाध्यमांवर दोन तट पडले. एका तटाला वाटले, हा आपल्या शौर्याला लागलेला डाग आहे, तेव्हा ते नाकारलेच पाहिजे. दुसऱ्या तटाला गुदगुल्या झाल्या : पाहा, तुमची तलवारसुद्धा आयात केलेली!

दोन्ही तटांनी एक गोष्ट वाचलीच नाही. त्या पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने कोरले आहे : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. शेवटचा शब्द पुन्हा वाचा. ज्याने ही अक्षरे कोरवली त्याला पात्याचे परकेपण लपवायचे नव्हते. छत्रपती शाहू महाराजांनी दिलेल्या पदवीच्या शेजारी, त्याच सोन्यात, त्याने ते लिहून ठेवले. आज आपल्याला ज्याची लाज वाटते किंवा ज्यावरून आपण दुसऱ्याला चिडवतो, ते अठराव्या शतकातल्या सेनापतीला मिरवण्याजोगे वाटत होते.

शब्दाचे कूळ सर्वांना ठाऊक आहे. युरोपातले ‘फ्रँक’ अरबी-फारसीत ‘फरंग’ झाले आणि आपल्याकडे ‘फिरंगी’. भावप्रकाशात याच शब्दावरून एका रोगाला ‘फिरंगरोग’ असे नाव मिळाले, म्हणजे एकाच शब्दातून माणूस, आजार आणि शस्त्र असे तिघे जन्मले. इंग्रजी सूचींत या तलवारीला ‘फिरंगी’ म्हणतात. मराठीत ती ‘फिरंग’ आणि स्त्रीलिंगी. मराठी मुलांनी तरी इंग्रजी सूचीतून आपला शब्द उसना घेऊ नये, एवढी माझी एक तक्रार येथे नोंदवतो आणि पुढे जातो.

माझे म्हणणे असे. तलवारीचे राष्ट्रीयत्व पात्यावरून ठरवणे हा मुळातच चुकीचा प्रश्न आहे आणि तो आपल्यापुरताच चुकीचा नाही. ज्या युरोपीय तलवारींशी फिरंगेची तुलना होते, त्या पिंजऱ्यासारख्या मुठींच्या तलवारींचा इतिहासही या कसोटीवर टिकत नाही.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील योद्ध्याची रुंद पात्याची तलवार घ्या. लोखंडी पट्ट्यांची जाळी हाताभोवती गुंफलेली, आत कातड्याचे आणि लाल कापडाचे अस्तर. स्कॉटिश अस्मितेचे याहून ठळक चिन्ह सापडणे कठीण. मात्र जाळीतून खाली उतरून पात्यावर पाहा : तेथे बहुधा ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव दिसते. आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकात उत्तर इटलीतील बेल्लूनो येथे काम करणारा पातेकार. त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक पिढ्या त्याचे नाव पात्यांवर उमटतच राहिले, कारण ती पाती इटलीत बनतच नव्हती. त्यांतली बरीचशी जर्मनीतल्या सोलिंगन या गावात बनत आणि खप वाढावा म्हणून त्यांवर फेराराचे नाव ठोकले जाई. म्हणजे नाव इटलीचे, पोलाद जर्मनीचे आणि तलवार स्कॉटलंडची. स्टर्लिंगचा वॉल्टर ॲलन आणि ग्लासगोचा जॉन सिम्प्सन यांच्यासारखे कारागीर मूठ घडवीत. स्कॉटिश संग्राहक आज किंमत मोजतो ती त्या मुठीची. पाते जर्मन आहे म्हणून कोणी त्या तलवारीला जर्मन म्हणत नाही.

सोलिंगनचा व्यवहार समजला की पुढचे सारे उलगडते. तेथे पाते घडवणारे, त्याला पाणी देणारे आणि घासून धार लावणारे असे कारागिरांचे वेगवेगळे संघ होते. तयार पाती पुष्कळदा मुठीविना, मोळीने विकली जात. तलवार हा अर्धा तयार माल होता. तो ज्या देशात पोचे, तेथील कारागीर आपल्या पद्धतीची मूठ बसवी. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या काळात, १६२९च्या सुमारास, लंडनजवळच्या हाउन्स्लो येथे पात्यांचा कारखाना निघाला तोही सोलिंगनहून कारागीर आणूनच. व्हेनिसच्या चाकरीतील दाल्मेशियन शिपायांची ‘स्कियावोना’ ही अशीच, मुठीवरून ओळखली जाणारी तलवार. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज व्यापारी सुरतेस जो माल आणीत त्यातही तलवारींची पाती असत. पोर्तुगीजांची गोवा, चौल आणि वसई ही ठाणी तर शंभर वर्षे आधीपासून किनाऱ्यावर होती. खरेदी, नजराणा आणि लूट या तिन्ही वाटांनी पाती आत आली. चौल-कल्याणकडून घाटावर चढणाऱ्या मालाची जुनी वाट बोरघाटातून आमच्या मावळात उतरते, हे जाता जाता.

यावर नेहमीचा आक्षेप येतो : दख्खनच्या पोलादाची कीर्ती दमास्कसपर्यंत होती, मग परदेशी पाते कशाला? आक्षेप रास्त आहे. मुशीत शिजवलेले आपले पोलाद कर्बाने समृद्ध, त्याची धार अप्रतिम आणि अंगावर उमटणारा जौहर तर डोळ्यांचे पारणे फेडणारा. पण तीन फुटांहून किंचित कमीअधिक लांबीचे, सरळ, पातळ, वाकवले तर उसळून पूर्ववत होणारे पाते ही निराळी वस्तू आहे. घोड्यावरून पोहोच हवी, भोसकताही यावे आणि वारही करता यावा, अशा लढाईला ते पाते सोयीचे होते आणि सोलिंगन ते मोठ्या संख्येने पुरवीत होते. बाकदार तलवार त्यामुळे नाहीशी झाली नाही. दोन्ही एकाच घरात नांदल्या. फिरंग मोगलांकडे होती, राजपुतांकडेही होती, पण घोडदळावर मदार असलेल्या मराठ्यांशी तिचे नाव विशेष जडले.

आता मूठ. येथे थोडे रेंगाळू या, कारण आपली माणसे काय विचार करून लढत होती, ते या लोखंडात शिल्लक आहे.

युरोपीय पिंजरा-मूठ ही बोटांभोवतीच्या आडव्या-उभ्या दांड्यांतून वाढत गेली. ‘मेरी रोज’ हे इंग्रजी लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले; त्याच्या अवशेषांत पिंजरा-मुठीची तलवार सापडली. म्हणून ही घडण तोपर्यंत रुळली होती, असे वर्षाच्या नेमकेपणाने सांगता येते. लोखंडी हातमोजा मागे पडत गेला, तसे हाताचे संरक्षण मुठीकडे आले. जाळी हाताला सर्व बाजूंनी वेढते. पात्याची शेपटी मुठीच्या आरपार जाते आणि टोकाच्या गोळ्यावर ठोकून बोथट केली जाते. सारी मूठ त्या एका टोकावर आवळलेली असते.

फिरंगेची मूठ, जिला आपण खांड्याची मूठही म्हणतो, दिसायला या पिंजऱ्याची चुलत बहीण वाटते. रचना मात्र वेगळी आहे. तिच्यात दांड्यांची जाळी नाही. बोटांपुढून जाणारी परज ही रुंद, वळवलेली पत्र्याची पट्टी आहे. खाली पात्याच्या तोंडाशी पसरट पत्रा आणि त्याच्या आत कापडाची किंवा मखमलीची गादी, म्हणजे घाव बसला तर धक्का हाडांपर्यंत जाऊ नये. वर वाटी आणि वाटीतून निघणारा लांब, किंचित वाकलेला अणकुचीदार दांडा. हा दांडा शोभेचा नाही. जोराचा वार करायचा असेल तर डाव्या हाताने तो धरून तीच एकहाती तलवार दोन हातांनी चालवता येते. तलवार म्यानात असेल तेव्हा हात टेकायलाही तो कामी येतो. युरोपीय पिंजरा-मुठीत ही सोय नाही. तिथे दुसऱ्या हाताला जागाच उरत नाही.

पाते बसवण्याची रीतही आपली. नेहमीच्या बाकदार तलवारीत पात्याची आखूड शेपटी मुठीच्या पोकळीत घालून लाख-राळेच्या मसाल्याने पक्की करतात. लांब, सरळ पात्याला तो आधार अपुरा. म्हणून फिरंगेच्या मुठीपासून दोन पोलादी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांवर खाली उतरतात आणि आरपार खिळे मारून पाते त्यांच्या चिमट्यात आवळले जाते. कारागिरासमोर समुद्रापलीकडचे पाते होते, दुसऱ्याच मुठीसाठी घडवलेले. त्याने ते आपल्या बांधणीत असे जखडले की त्याचा कमकुवत सांधा सर्वांत भक्कम झाला. आयात वस्तू वापरणे आणि आयात वस्तू पचवणे यांतला फरक पाहायचा असेल तर या दोन पट्ट्या पाहा.

मग युरोपची मूठ पाहून आपण ही मूठ घडवली काय? अभ्यासकांत यावर एकमत नाही. रॉबर्ट एलगुड यांचे ‘हिंदू आर्म्स अँड रिच्युअल’ हे तंजावरच्या शस्त्रागाराचा मोठा आधार घेणारे पुस्तक वाचल्यावर माझे मत दक्षिणेतल्या जुन्या मुठींतूनच ही वाढत आली, या बाजूला झुकले आहे. परजेच्या कल्पनेला बाहेरचे उत्तेजन मिळाले असेलही. पण गादी, वाटी आणि दांडा हे त्रिकूट युरोपात कोठेच नाही.

याच सांध्याचा संशोधनाला एक मोठा उपयोग आहे. पात्यावर कारखान्याची खूण असते. कधी धावता लांडगा. तो मूळचा पासाऊ या शहराचा, पुढे सोलिंगननेही उचलला. कधी ‘आय.एच.एस.’ ही येशूच्या नावाची अक्षरे, कधी कोणा नामांकित पातेकाराचे नाव. खूण जर मुठीच्या पट्ट्यांखाली अर्धवट झाकली गेली असेल, किंवा खिळ्याचे भोक तिच्यातून गेले असेल, तर पाते आधीचे आणि मूठ नंतरची, हे कोणत्याही दंतकथेवाचून सिद्ध होते. उलट खूण मुठीच्या रेषेला मान देऊन नीट मांडलेली असेल तर ती येथेच, मूठ बसल्यावर उठवली असण्याचा संशय घ्यावा. कारण युरोपीय खुणांच्या नकला आपल्याकडेही सर्रास होत. फेराराचे नाव जर्मनांनी चोरले, जर्मनांचा लांडगा इतरांनी चोरला. स्पेनच्या टोलेडोतील पातेकारांची नावे सोलिंगनच्या मालावर सापडतात. म्हणून सरळ पाते दिसले की ‘टोलेडो’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना माझी विनंती आहे : टोलेडो असे पात्यावर लिहिलेले असले तरीसुद्धा थांबा.

या शिस्तीने लंडनच्या तलवारीकडे पाहू. १८७५–७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून त्याला एक तलवार देण्यात आली. ती आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. १८९८च्या मार्लबरो हाउसच्या सूचीत तिचे वर्णन आले आहे : सरळ युरोपीय पाते, एक धार, दोन पन्हळी, पन्हळीत तीनदा आय.एच.एस.; लोखंडी पिंजरा-मूठ, वर दांडा, सोन्याचे काम आणि हिरे-माणके. म्हणजे ती फिरंग आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०च्या सुमारास, ‘भवानी तलवार परत आणणार’ ही घोषणा गाजली ती हिच्याविषयी. कोल्हापूरची परंपरा तिला ‘जगदंबा’ म्हणते, तर भवानी आपल्याकडे असल्याची साताऱ्याची परंपरा आहे.

यांतली खरी कोणती हा प्रश्न मला विचारू नका. मुठीवरून आणि पात्यावरून त्याचे उत्तर मिळत नाही. तलवार सतराव्या शतकाची आहे, एवढे लोखंड सांगू शकेल. ती कोणाच्या हातात होती, हे कागदच सांगू शकतो. गोवलेकर सावंतांकडून महाराजांनी तीनशे होनांना फिरंग घेतल्याची हकिगत इतिहासप्रेमींत नेहमी उद्धृत होते. ती हकिगत आणि काचेमागचे एखादे पाते यांना जोडणारी साखळी, म्हणजे जमाखर्च, याद्या आणि नजराण्यांच्या नोंदी, दाखवल्याशिवाय त्यांना एकमेकांच्या गळ्यात बांधू नये. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने वाघनखे साताऱ्याला पाठवली. ती अफझलखान-वधाच्या वेळचीच होत असे सिद्ध करता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले होते. तो प्रामाणिकपणा कोणाला अपमानास्पद वाटला. मला तो अनुकरणीय वाटतो.

आणि हा रोग आपलाच आहे असेही समजू नका. इंग्रजी यादवी युद्धाच्या काळातील एका पिंजरा-मुठीवर माणसांचे चेहरे कोरलेले असतात. एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांनी ठरवले की हे १६४९ साली शिरच्छेद झालेल्या चार्ल्स राजाचे शोकचिन्ह आहे आणि त्या मुठीला मृत्यूवाचक नाव देऊन टाकले. त्यांतल्या कित्येक मुठी राजाचे डोके धडावर असतानाच घडलेल्या आहेत. तशीच ‘सिंक्लेअर’ मूठ. १६१२ साली नॉर्वेतील क्रिंगेनच्या लढाईत पडलेल्या स्कॉटिश कप्तानाचे नाव तिला चिकटले. मूठ मात्र जर्मन घडणीची. दोन्ही नावे आजही चालतात. फरक एवढाच की तिथल्या पुस्तकांत नावापुढे ‘हे नाव चुकीचे आहे’ असा खुलासा असतो.

हे सारे पवनानगरात बसून लिहिण्याचे कारण आहे. या गावाभोवती तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर असे चार किल्ले आहेत. चारही १६६५च्या पुरंदर तहात मोगलांकडे गेलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी. लोहगड जुलै २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि शनिवार-रविवारी पायथ्याला गाडी लावायला जागा मिळेनाशी झाली. तटबंदीचे जतन होईल, फलक लागतील. पण किल्ल्याचा वारसा तटबंदीतच संपत नाही. मावळातल्या जुन्या घरांतून देवघरात, फडताळावर, कधी पेटीच्या तळाशी तलवारी आहेत. त्यांची गणना कोणत्याही यादीत नाही. गड हजार वर्षे उन्हापावसात टिकेल, पण या तलवारींवरचा पुरावा एका दुपारच्या उत्साहाने नाहीसा होतो.

तो उत्साह कसा असतो ते सांगतो, कारण त्यात आपल्यासारखी तरुण, इतिहासावर प्रेम करणारी मंडळीच असतात. शस्त्रपूजनासाठी घरची तलवार बाहेर निघते. गंजलेली असते. मग कोणी पॉलिशकागद आणतो, कोणी यंत्राची चकती लावतो. तासाभरात पाते आरशासारखे लखलखते आणि मिरवणुकीत फोटो सुरेख येतात. गंजाखाली कारखान्याची खूण असेल, पन्हळीत झिजलेली अक्षरे असतील, पाठीवर सोन्याच्या पाण्याची ओळ असेल. सारे चकतीसोबत भुकटी होऊन गेलेले असते. रघुजीराजांच्या तलवारीवरची ओळ अशीच कोणी घासून काढली असती, तर आज ती फक्त ‘युरोपीय पात्याची एक दख्खनी तलवार’ म्हणून विकली गेली असती. दुसरा प्रकार मुठीचा. जुनी मूठ हलते म्हणून काढून नवी, चकचकीत पितळी मूठ बसवतात आणि जुनी भंगारात जाते. पाते सोलिंगनचे असेल तर तशी पाती जगभर आहेत. भंगारात गेलेली मूठ या मुलखातल्या कारागिराची होती.

यंदाच्या खंडेनवमीला, म्हणून, क्रम बदला. हळदकुंकू लावण्याआधी दिवसाच्या उजेडात फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवून पूर्ण तलवार दोन्ही बाजूंनी घ्या आणि मुठीजवळचे वीतभर पाते अगदी जवळून, कारण खुणा बहुधा तेथेच असतात. पात्याची पाठ विसरू नका. पट्ट्यांवरचे खिळे मोजा, सांध्याचा फोटो घ्या, वजन करा. मूठ उघडू नका. सैल गंज मऊ कापडाने आणि पातळ तेलाने जाईल तेवढाच जाऊ द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तलवार कोठून आली ते विचारा आणि ते सांगतील तसेच्या तसे, तारीख घालून लिहून ठेवा, सुधारू नका. घरात जुने कागद असतील, विशेषतः याद्या आणि जमाखर्च, तर मोडी येत नाही म्हणून ते बाजूला टाकू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून याच कामासाठी आहे. तुलनेसाठी खऱ्या मुठी पाहायच्या तर राजा दिनकर केळकर संग्रहालय फार दूर नाही.

फोटो टाकताना घराचा पत्ता टाकू नका. जुन्या शस्त्रांचे दलाल असे फोटो पाहतच असतात. शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि ती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे, हे दारात येणाऱ्या खरेदीदाराला ऐकवायला विसरू नका.

पट्ट्याविषयी बऱ्याच जणांनी विचारले आहे. २०२४ साली दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्याची मूठ तर कोपरापर्यंत चढते आणि त्यातही युरोपीय पाती पुष्कळ सापडतात. त्यावर वेगळा धागा लिहीन. तोवर कोणाच्या घरच्या फिरंगेच्या पट्टीखाली अर्धा लांडगा दिसला, तर फोटो जरूर पाठवा.